नियम एक, पण सबब कुणाची ऐकायची?

प्रश्न थोडक्यात असा. क्लब क्रिकेट खेळणाऱ्या एका तरुणाला पायचीतचा निर्णय पटला नाही. परत जाताना त्याने बॅट आपटली आणि अंपायरकडे बघून दोन शब्द बोलला. शिस्तपालन समितीने त्याच्यावर एका सामन्याची बंदी घातली. काही आठवड्यांपूर्वी त्याच संघातल्या एका नावाजलेल्या फलंदाजाने अगदी हेच केलं होतं. त्याला "सामन्याच्या भरात होतं असं" म्हणून तोंडी समज देऊन सोडलं. हा तरुण पुढे लिहितो की घरी आणि ऑफिसातही त्याला हेच दिसतं. तो विचारतो: हा खरोखर अन्याय आहे की मीच कुढत बसलोय? आणि अन्याय असेल तर करायचं काय?

मी बरीच वर्षं अंपायरिंग केलं, नंतर शिस्तपालन समित्यांवर बसलो, आता नव्या अंपायरना शिकवतो. म्हणजे तुमच्या दृष्टीने मी पलीकडच्या बाजूचा माणूस. टेबलाच्या त्या बाजूने हा प्रकार कसा दिसतो ते सांगतो.

तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल तर हो, अन्याय झाला. पण कारवाईच व्हायला नको होती, असं मात्र मी म्हणणार नाही. क्रिकेटच्या कायद्यांत २०१७ पासून खेळाडूंच्या वर्तनासाठी स्वतंत्र ४२वा कायदा आहे. अंपायरच्या निर्णयावर शब्दांनी किंवा कृतीने नाराजी दाखवणं हा त्यातला पहिल्या पातळीचा गुन्हा. पहिल्यांदा ताकीद, त्याच संघाकडून पुन्हा तसं झालं की प्रतिस्पर्ध्याला पाच धावा, आणि सामन्यानंतर वर तक्रार. फलंदाजाच्या नावावर किती शतकं आहेत हे विचारणारं कलम त्यात कुठेही नाही. मग गडबड कुठे झाली? त्या सीनियरच्या वेळी समितीने 'असं का झालं' हे विचारलं. तुमच्या वेळी 'काय झालं' एवढंच बघितलं.

मी पाहिलेला दुटप्पीपणा जवळजवळ नेहमी याच चालीचा होता. दोन वेगळे नियम कुणी लिहून ठेवत नाही. लिहिले तर लगेच पकडले जातील. नियम एकच असतो, फक्त परिस्थिती ऐकून घेण्याची सवलत सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आपल्या माणसाने काही केलं की आपण त्यामागचं कारण शोधायला निघतो. परक्याने केलं की कृत्य मोजतो आणि मोकळे होतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

ऑफिसात साहेब उशिरा आले तर ते 'वरच्या मीटिंगमध्ये अडकले' असतात, नवा मुलगा उशिरा आला तर त्याला 'शिस्त नाही'. बैठकीत पुरुषाने आवाज चढवला तर तो ठाम, बाईने चढवला तर ती आक्रस्ताळी. बापाने एक दुपार पोरं सांभाळली तर "किती करतो हो मुलांचं!" आणि आईने तेच रोज केलं तर त्याला काही नावच नाही. जेवताना मुलाच्या हातात मोबाइल असला की व्यसन, आपल्या हातात असला की महत्त्वाचा मेसेज. अशी यादी कुणालाही करता येईल, म्हणून ती लांबवत नाही. यातल्या प्रत्येक जोडीत घटना तीच आहे, तिच्याभोवतीची गोष्ट तेवढी वेगळी सांगितली जाते.

खेळाचा फायदा असा की तिथे घटना कॅमेऱ्यात असते, नियम छापलेला असतो, आणि कोण काय म्हणालं तेही नोंदलेलं असतं. घरच्या भांडणात ही सोय नसते. म्हणून खेळातली उदाहरणं जरा सविस्तर बघू.

२ जुलै २०२३, लॉर्ड्स, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅशेसमधल्या दुसऱ्या कसोटीचा शेवटचा दिवस. ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन ग्रीनच्या आखूड चेंडूखाली इंग्लंडचा जॉनी बेअरस्टो वाकला, चेंडू यष्टिरक्षक अ‍ॅलेक्स कॅरीकडे गेला आणि बेअरस्टो षटक संपलं असं समजून क्रीजबाहेर चालू लागला. कॅरीने लगेच चेंडू यष्ट्यांवर टाकला. बेअरस्टो यष्टिचीत. कायद्याने निर्णय स्वच्छ होता. चेंडू 'डेड' झालेला, म्हणजे खेळातून बाद झालेला नव्हता. मैदानात हुर्यो उडाली, लॉर्ड्सच्या लाँग रूममध्ये ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंशी सदस्यांची वादावादी झाली आणि लॉर्ड्सचा मालक आणि क्रिकेटचे कायदे लिहिणारा क्लब असलेल्या एमसीसीला आपल्याच तीन सदस्यांना निलंबित करावं लागलं. इंग्लंडचे प्रशिक्षक ब्रेंडन मॅकलम यांनीही खिलाडूवृत्तीचा मुद्दा काढून नाराजी जाहीर केली.

आता डिसेंबर २००६ मध्ये जाऊ. ख्राइस्टचर्चला न्यूझीलंडविरुद्ध श्रीलंकेच्या कुमार संगकाराने शतक पूर्ण केलं ते मुथय्या मुरलीधरनने धाव पूर्ण केल्यावर. मुरली आनंदाने संगकाराचं अभिनंदन करायला क्रीज सोडून निघाला. चेंडू अजून खेळात होता. तो यष्टिरक्षकाकडे आला, यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या, मुरली धावचीत. तो यष्टिरक्षक म्हणजे हेच मॅकलम.

२०१६ मध्ये एका व्याख्यानात मॅकलम यांनी त्या जुन्या कृत्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला होता, हेही सांगायला हवं. म्हणजे माणूस दांभिक आहे, असं म्हणून आपली सुटका होत नाही. त्यांची मतं खरंच बदललेली असू शकतात. पण दहा वर्षांनी आलेलं शहाणपण दुसऱ्याकडून पहिल्याच क्षणी मागायचं, ही गोष्ट मला शिकवताना फार उपयोगी पडते. आपण स्वतःला शिकायला वेळ देतो, प्रतिस्पर्ध्याला देत नाही.

'खेळाचं स्पिरिट' या शब्दांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. जिथे नियम लिहिलेला असतो तिथे दुटप्पीपणाला जागा कमी. जिथे सगळं न लिहिलेल्या संकेतांवर चालतं, तिथे तो ऐसपैस बसतो, कारण संकेत काय आहे हे ठरवण्याचा मान नेहमी कुणा तरी जुन्याजाणत्याकडे असतो. चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभ्या फलंदाजाला, धावचीत करणं घ्या. १९४७ मध्ये सिडनीत विनू मांकड यांनी बिल ब्राउन यांना असं बाद केलं आणि पुढची कित्येक दशकं या प्रकाराला मांकड यांचंच नाव चिकटलं. लवकर पळून दोन पावलं चोरणाऱ्या फलंदाजाचं नाव कशालाच चिकटलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. २४ सप्टेंबर २०२२ ला लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला याच पद्धतीने बाद केलं, भारत १६ धावांनी जिंकला, आणि चर्चा झाली ती दीप्तीच्या नीतिमत्तेची. योगायोग असा की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या बदलात एमसीसीने हा प्रकार 'अनुचित खेळ' या ४१व्या कायद्यातून काढून 'धावचीत' या ३८व्या कायद्यात नेला. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर एक परिच्छेद हलला, पण त्याने संशयाचा रोख गोलंदाजावरून फलंदाजावर यायला मदत झाली.

याच्या उलट २०११ चं ट्रेंट ब्रिज, भारत-इंग्लंड कसोटी. चहापानाला चेंडू सीमापार गेला असं समजून इंग्लंडचा इयन बेल चालू लागला आणि धावचीत झाला. चहापानाच्या वेळेत महेंद्रसिंग धोनीने अपील मागे घेतलं आणि बेल पुन्हा खेळायला आला. सुंदर गोष्ट. पण ती देणगी होती. एकाने दिलेली देणगी दुसऱ्याकडून कर म्हणून वसूल करता येत नाही, आणि काही संघांकडूनच ती अपेक्षित धरायची, बाकीच्यांनी नियमाप्रमाणे खेळलं तर त्यांना 'जिद्दी' म्हणायचं, हे तर मुळीच नाही. घरात सगळ्यांत समजूतदार असलेल्या माणसाचं जे होतं तेच हे. त्याने दहा वेळा पडतं घेतलं की अकराव्या वेळी न घेणं हाच त्याचा अपराध ठरतो.

आता थोडं आत जाऊ. माणसं हे मुद्दाम करतात का? काही करतात. पण बहुतेकांना ते खरोखर तसंच दिसतं, आणि मला वाटतं हीच गोष्ट जास्त अवघड आहे.

नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक सामना झाला. भयंकर आडदांड खेळ. एका बाजूच्या मुख्य खेळाडूचं नाक मोडलं, दुसऱ्या बाजूच्या एकाचा पाय. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे नियमभंग प्रिन्स्टनच्या मुलांनी सरासरी ९.८ मोजले, डार्टमथच्या मुलांनी ४.३. फिल्म एकच. खोटं कुणीच बोलत नव्हतं, प्रत्येकाने प्रामाणिकपणे आपापला सामना बघितला.

दुसरा प्रयोग मला जास्त बोचतो. १९९७ मध्ये डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन कामं वाटून द्यायला सांगितली. एक काम बक्षिसाची संधी असलेलं, दुसरं कंटाळवाणं. एक स्वतःला घ्यायचं, दुसरं एका अनोळखी माणसाला द्यायचं. हवं तर नाणं उडवा, बहुतेकांना तेच न्याय्य वाटतं, असंही सांगून ठेवलं. ज्यांनी नाणं उडवलं त्यांच्यातल्या सुमारे ९० टक्के लोकांच्या वाट्याला चांगलं काम आलं! नाणं पन्नास टक्क्यांच्या आसपास पडायला हवं होतं. पुढच्या एका प्रयोगात समोर आरसा ठेवला आणि निष्पक्षपणाची आठवण आधीच करून दिली, तेव्हा मात्र नाणं एकाएकी सरळ पडायला लागलं. यातून मी घेतो ते एवढंच: निष्पक्ष दिसण्याची हौस आपल्या सगळ्यांना असते, पण तिची किंमत चुकवायची वेळ आली की नाण्याची बाजू कुठली हे आपण जरा सोयीने आठवतो.

मग अंपायर, रेफरी तरी वेगळे का असतील? अमेरिकेच्या बेसबॉलमधल्या निकालांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की नावाजलेल्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) अंपायरच्या चुकांचा फायदा जास्त वेळा मिळतो. एनबीए बास्केटबॉलमध्ये १९९१ ते २००४ या काळातल्या सामन्यांचा अभ्यास सांगतो की रेफरी आणि खेळाडू वेगवेगळ्या वंशांचे असले की फाउल थोडे जास्त दिले जात. फरक छोटा होता, पण होता. २००७ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली. नंतर त्याच अभ्यासकांनी पुढच्या हंगामांची आकडेवारी तपासली तर तो फरक नाहीसा झालेला होता. ना नियम बदलला ना रेफरी बदलले. आपण हे करतो आणि कुणी तरी ते मोजतंय, एवढं कळणं पुरलं. तुमच्या प्रकरणाला याचा थेट उपयोग आहे, त्याकडे येतोच.

त्याआधी स्त्रियांच्या खेळाबद्दल, कारण तिथे हे सगळं उघड्या डोळ्यांना दिसतं. जुलै २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून त्यांना १,५०० युरो दंड झाला. त्याच महिन्यात ब्रिटनची पॅरालिंपिक खेळाडू ऑलिव्हिया ब्रीन हिला एका स्पर्धेत अधिकाऱ्याने तिची शॉर्ट्स फार तोकडी असल्याचं ऐकवलं. एकीची लांब, एकीची आखूड. कापडाची लांबी हा मुद्दाच नव्हता, ती कुणी ठरवायची हा होता. हँडबॉलचा तो नियम टीकेनंतर बदलला, तरी नव्या नियमातही बायकांसाठी 'अंगाला घट्ट बसणारी' आणि पुरुषांसाठी 'फार ढगळ नको' अशी दोन वेगळी मापं राहिलीच. २०१८ च्या अमेरिकन ओपन टेनिसमध्ये अलिझे कॉर्ने हिने उलटा घातलेला टी-शर्ट कोर्टवर झटकन सुलटा केला आणि तिला ताकीद मिळाली. पुरुष खेळाडू विश्रांतीत उघडे बसतात हे सगळे रोज पाहत होते. आयोजकांनी दुसऱ्याच दिवशी खेद व्यक्त केला. ही सोपी उदाहरणं, यात फार विचार करावा लागत नाही.

त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यातलं उदाहरण अवघड आहे. नाओमी ओसाकाविरुद्ध खेळताना सेरेना विल्यम्सला चेअर अंपायर कार्लोस रामोस यांनी तीन नियमभंग लावले: प्रेक्षकांतून प्रशिक्षणाचा इशारा, रॅकेट मोडणं, आणि अंपायरला अपशब्द. तिसऱ्याला एक पूर्ण गेम गेला. सेरेनाचं म्हणणं होतं की पुरुष याहून वाईट बोलतात आणि त्यांचा गेम जात नाही. तिच्या प्रशिक्षकाने सामन्यानंतर इशारा केल्याचं कबूलही केलं, आणि बहुतेक प्रशिक्षक हेच करतात असंही सांगितलं. लोक दोन तट करून भांडले: रामोस बरोबर की सेरेना? मला विचाराल तर दोघंही बरोबर असू शकतात. एखादा नियम तुमच्यावर अचूक लागू होऊनही तुमच्यावर अन्याय होऊ शकतो, जर तो बाकीच्यांवर लागूच होत नसेल. तुमचं प्रकरण या जातीचं आहे.

त्या वादात आकडेवारीही आली: आधीच्या वीसेक वर्षांत ग्रँड स्लॅममध्ये पुरुषांना दंड जास्त वेळा झालेला होता. अनेकांना हा मुद्दा निर्णायक वाटला. मला वाटत नाही. वहीत नोंद होते ती शिक्षा झालेल्यांची. ज्यांच्याकडे काणाडोळा केला त्यांची नोंद कुठेच नसते. समितीत कुणी "आम्ही इतक्या सीनियर खेळाडूंनाही दंड केलाय" असं म्हणालं तर विचारायचं की किती वेळा केला नाही.

उत्तेजक द्रव्यांची प्रकरणं मात्र सावधपणे वाचायला हवीत, कारण तिथे 'दुहेरी मापदंड' अशी ओरड सगळ्यांत जोरात होते आणि सगळ्यांत जास्त वेळा अर्धवट असते. टेनिसपटू सिमोना हालेपला ऑक्टोबर २०२२ मध्ये तात्पुरतं निलंबित केलं, सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची बंदी आली, मार्च २०२४ मध्ये क्रीडा लवादाने ती नऊ महिन्यांवर आणली. तोवर तिचं जवळजवळ दीड वर्ष गेलेलं होतं. टेनिसमधल्याच इगा श्वियाँतेकचं प्रकरण २०२४ मध्ये एका महिन्याच्या बंदीवर मिटलं. पुरुष टेनिसपटू यानिक सिनरचे मार्च २०२४ चे दोन नमुने दोषी आले, तात्पुरती निलंबनं अपिलावर काही दिवसांत उठली, ऑगस्टमध्ये त्याची चूक नसल्याचा निकाल आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेशी तडजोडीने तीन महिन्यांची बंदी झाली. मधल्या काळात तो खेळत होता. हालेपने जाहीरपणे विचारलं की वागणुकीत एवढा फरक का.

फरकाला कारणं आहेत. द्रव्यं वेगळी, प्रमाण वेगळं, हालेपवर रक्ताच्या नोंदींवरून दुसराही आरोप होता, आणि द्रव्य शरीरात कुठून आलं याचा खुलासा श्वियाँतेक आणि सिनर यांनी झटपट सादर केला. नियमाने बघितलं तर उत्तरं देता येतात. पण काही दिवसांत तज्ज्ञ, वकील आणि प्रयोगशाळा उभी करणं कुणाला परवडतं? मोठ्या खेळाडूला परवडतं. क्रमवारीत पाचशेव्या नंबरवर असलेल्याला नाही. नियमात सबब ऐकून घेण्याची तरतूद सगळ्यांना असते, ती वापरण्याची ऐपत मोजक्यांकडे. इथेही विषय तोच: कुणाची सबब वेळेत ऐकली जाते.

आणि फरक दिसला की दुसऱ्यालाही तेवढंच झोडा, हीच मागणी का व्हावी? सिनरला कडक शिक्षा हवी होती म्हणणारे पुष्कळ भेटले. हालेपचं प्रकरण सिनरइतक्या वेगाने निकाली निघायला हवं होतं म्हणणारे फार थोडे. मी दुसऱ्या गटात आहे. दुटप्पीपणा सापडला म्हणजे कुठलं माप बरोबर हे आपोआप ठरत नाही, तो वेगळा प्रश्न असतो. तुमच्या समितीने त्या सीनियरला कारण विचारलं हे चांगलंच केलं. तसंच तुमच्याशीही वागायला हवं होतं.

प्रत्येक फरक हा दुटप्पीपणा नसतो, हे थोडक्यात. कुस्तीतले वजनगट, पॅरा खेळांतलं वर्गीकरण, वयोगट हे फरक सगळ्यांना आधी सांगितलेले असतात आणि ते कशासाठी आहेत हे कुणालाही समजावता येतं. मोठ्या भावाला रात्री दहापर्यंत आणि धाकट्याला आठपर्यंत परवानगी असेल तर तो वयाचा फरक. बहिणीला आठ आणि तिच्याच वयाच्या भावाला दहा असेल तर समजावताना जीभ अडखळते. ती अडखळण बहुतेक वेळा खरं सांगते.

आता तुमच्याबद्दल एक कडू गोष्ट. "त्यानेही केलं होतं" हे वाक्य दोन कामांसाठी वापरलं जातं. एक, नियम सगळ्यांना सारखा लावा म्हणून. दोन, मला सोडा म्हणून. समितीवर बसलेल्या माणसाला यातलं दुसरंच ऐकू येतं, कारण दहातल्या नऊ जणांना तेच म्हणायचं असतं. तेव्हा आधी स्वतःशी ठरवा: दोघांनाही सारखीच बंदी झाली असती तर तुम्ही गप्प बसला असता का? उत्तर 'हो' असेल तर तुमची तक्रार पक्की आहे. आणखी एक करून बघा. तुमच्या जिवलग मित्राने बॅट आपटली असती आणि तुम्हाला न आवडणाऱ्या खेळाडूला नुसती समज मिळाली असती, तर तुम्ही हेच पत्र लिहिलं असतं का? आणि उलट घडलं असतं तर?

नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला मॅच रेफरी माइक डेनेस यांनी सचिन तेंडुलकर आणि वीरेंद्र सेहवागसह सहा भारतीय खेळाडूंवर कारवाई केली. त्यांतल्या चौघांना अति अपील केल्याबद्दल शिक्षा झाली, पण तसंच अपील करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंवर काहीच नाही, ही भारताची तक्रार होती. पत्रकार परिषदेत डेनेस समोर बसले होते, पण नियमामुळे त्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं. प्रकरण इतकं चिघळलं की पुढच्या सामन्याचा अधिकृत कसोटीचा दर्जाच गेला. निर्णय बरोबर होते की चूक यावर लोक अजूनही वाद घालतील. मी माझ्या वर्गात एवढंच सांगतो की कारण न देणारा निर्णय बरोबर असला तरी पक्षपाती दिसतो.

म्हणून समित्यांना माझा आग्रह असतो की शिक्षा ठरवण्याआधी कसोट्या कागदावर लिहा. २००५ मध्ये उलमन आणि कोहेन यांनी पोलीसप्रमुखाच्या पदासाठी स्त्री आणि पुरुष उमेदवारांतून निवड करण्याचा एक प्रयोग केला. पुरुष उमेदवार शिकलेला असला की लोकांना शिक्षण महत्त्वाचं वाटे, तो रस्त्यावरचा अनुभवी असला की अनुभव महत्त्वाचा. पात्रतेची व्याख्याच उमेदवाराच्या मापाने शिवली जात होती. उमेदवार कळण्याआधी कसोट्या ठरवून घेतल्या तेव्हा हा भेदभाव गेला. समितीत याचा अर्थ सोपा: आधी नाव झाकून अहवाल वाचा, पातळी ठरवा, मग नाव बघा, मग दोघांनाही तेच प्रश्न विचारा. घरात इतकं औपचारिक कुणी वागणार नाही, पण मुलांना ओरडण्याआधी "हेच दुसऱ्याने केलं असतं तर?" एवढं मनात म्हणायला वेळ लागत नाही.

तुम्ही समितीला पत्र लिहा. रागात नाही, दोन दिवस जाऊ द्या. बंदी पूर्ण भोगा, किंवा अपिलाची मुदत असेल तर तेवढं नोंदवा. पत्रात त्या सीनियरला शिक्षा करा असं कुठेही म्हणू नका. तसं लिहिलंत की पत्राचा विषय तुमची असूया होऊन बसतो. एवढंच विचारा: कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या पातळीवर निर्णय झाला, या हंगामात त्याच कलमाखाली आलेल्या बाकीच्या तक्रारींचं काय झालं, आणि निर्णयाआधी खेळाडूचं म्हणणं ऐकून घेण्याची पद्धत काय आहे. "त्याचं प्रकरण वेगळं होतं" असं उत्तर आलं तर वेगळेपण काय होतं ते लेखी मागा, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तेच वेगळेपण धरलं जाईल का हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नावर समित्या थांबतात, असं मी त्यांच्यात बसून पाहिलंय, कारण हो म्हटलं तर सवलत सगळ्यांना द्यावी लागते आणि नाही म्हटलं तर कारण सांगावं लागतं. उत्तर आलं नाही तरी पत्राची प्रत जपून ठेवा. पुढच्या हंगामात संघातल्या एखाद्या नव्या पोरावर हीच वेळ आली तर ती त्याच्या उपयोगी पडेल.